पोस्टग्रेस १३ वरून १७ किंवा १८ वर जाताना: तालीम, अडथळे आणि डीबीएने शिकण्यासारखं बरंच काही

निर्देशांक (धागाकर्ता)

पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) या डेटाबेस-सर्व्हरच्या १३ ची शेवटची दुरुस्ती-आवृत्ती १३.२३ ही १३ नोव्हेंबर २०२५ ला आली आणि तिथे तिचा आधार संपला. यापुढे सुरक्षेत कितीही मोठं भोक सापडलं तरी १३ साठी ते कुणी बुजवणार नाही. १४ ला १२ नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. मायएसक्यूएल ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ची, एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची १४ जुलै २०२६. डेटाबेस सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या पुढ्यात आवृत्तीबदलाचं काम वाढून ठेवलेलं आहे.

हा धागा पोस्टग्रेसपुरता ठेवू. 'डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) आता काय शिकावं' हा प्रश्न वारंवार येतो आणि उत्तरादाखल कोर्सची यादी मिळते. माझं मत असं की चालत्या सर्व्हरला हात लावण्याआधी त्याच्या प्रतीवर तीन-चारदा तालीम करून एक आवृत्तीबदल नीट पार पाडला, की बॅकअप, प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग), कोलेशन (मजकुराचा क्रम लावायचे नियम), परवानग्या, रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर चालती प्रत ठेवणं) असं सगळं हाताखालून जातं. म्हणून इथे नेमक्या पायऱ्या आणि नेमके अडथळे लिहा.

पहिली पायरी म्हणजे मोजदाद. प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन पीजी_एक्सटेन्शनमधली यादी उतरवून घ्या, पोस्टग्रेसच्या क्लस्टरमध्ये (एका सर्व्हरखालच्या सगळ्या डेटाबेसांच्या संचात) एक्सटेन्शन (जादा सोयींचे जोडभाग) डेटाबेसगणिक वेगळे असतात हे विसरलं जातं. मग रेप्लिकेशन स्लॉट (प्रत घेणारा कुठवर आला याची नोंद), पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्समध्ये लटकलेले व्यवहार, सगळ्यात मोठी वीस टेबलं, आणि ऑपरेटिंग सिस्टीमचं ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी-लायब्ररी) कितवं आहे ते. ही शेवटची नोंद का, ते पुढे कुणीतरी लिहीलच.

दुसरी पायरी पीजी_अपग्रेड (जुना क्लस्टर नव्या आवृत्तीत नेणारं साधन) --चेक. हे चालत्या सर्व्हरवर चालतं, काही बदलत नाही. मधल्या आवृत्त्यांवर थांबायची गरज नाही, १३ वरून थेट १८ गाठता येतं. १३ वरून निघणाऱ्यांना तीन ठिकाणी ठेच लागते:

नव्या बाजूला एक्सटेन्शनची लायब्ररीच बसवलेली नसते. लोडेबल_लायब्ररीज नावाच्या फाइलीत कोणती ते लिहून मिळतं.

टेबलात रेगप्रोक, रेगऑपर, रेगनेमस्पेस अशा जातीचा कॉलम असतो. रेगक्लास, रेगटाइप, रेगरोल चालतात, बाकीचे काढून टेक्स्ट करावे लागतात.

तिसरी ठेच खास १३ आणि त्याआधीच्यांची. अ‍ॅरे_अपेंड, अ‍ॅरे_कॅट या फंक्शनांची सही १४ मध्ये बदलली, एनीअ‍ॅरेच्या जागी एनीकम्पॅटिबलअ‍ॅरे आलं. कुणी वर्षांपूर्वी यांच्यावर स्वतःचं अ‍ॅग्रिगेट बांधलं असेल तर चेक तिथेच अडतो. त्याची व्याख्या लिहून ठेवा, जुन्या बाजूला ड्रॉप करा, आणि बदलानंतर नव्या जातीने पुन्हा बांधा. कुठल्या व्ह्यूमध्ये ते वापरलंय हे आधी शोधा, कारण ड्रॉप करताना व्ह्यूही जाऊ शकतो.

सावकाश_पण_नक्की

उपयुक्त धागा. एक सरळ प्रश्न. डेटाबेस ४०० जीबी, रात्री दोन तासांची मुभा. डंप (सगळा डेटा फाइलीत उतरवणं) घेऊन रिस्टोर, पीजी_अपग्रेड, की लॉजिकल रेप्लिकेशन (नोंदींमधले बदल नव्या सर्व्हरकडे सतत पाठवत राहणं)?

भीमाकाठ

दोन तासांत पीजी_अपग्रेडच. पण तिन्हींचा हिशेब वेगळा आहे, तो समजून निवडा.

डंप-रिस्टोरमध्ये वेळ डेटा ओतण्यात कमी आणि इंडेक्स बांधण्यात जास्त जातो. डंप नव्या आवृत्तीच्या पीजी_डंपने घ्या, डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये, आठ जॉब लावून, आणि रिस्टोरच्या वेळी मेंटेनन्स_वर्क_मेम वाढवा. रोल आणि पासवर्ड पीजी_डंपमध्ये येत नाहीत, त्यासाठी पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली वेगळं चालवावं लागतं. ४०० जीबीला किती तास लागतील ते तुमची डिस्क आणि इंडेक्सची संख्या ठरवेल, दोन तासांवर विसंबू नका.

पीजी_अपग्रेड साध्या रीतीने फाइली कॉपी करतं, म्हणून दुप्पट जागा लागते. --लिंक दिलं की हार्ड लिंक होतात आणि वेळ डेटाच्या आकारावर अवलंबून राहत नाही, टेबलं-इंडेक्स किती आहेत यावर राहतो. ४०० जीबी काही मिनिटांत होतं. अट अशी की जुनी आणि नवी डिरेक्टरी एकाच फाइलसिस्टीमवर हवी. आणि नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्याकडे परतीची वाट बंद, दोघांच्या फाइली एकच असतात. १८ मध्ये आलेलं --स्वॅप याहून जलद आहे, पण ते फाइली हलवायला लागल्या क्षणापासून जुना क्लस्टर कामातून जातो. एक्सएफएस रिफ्लिंकसह बनवलेलं असेल तर --क्लोन घ्या. लिंकइतकं वेगवान आणि जुना शाबूत. माझी पसंती क्लोनलाच.

परतीची वाट राखायची युक्ती: प्रायमरी (मुख्य सर्व्हर) बंद केल्यावर एक स्टँडबायही (त्याची चालती प्रत) व्यवस्थित बंद करा, दोघांवर पीजी_कंट्रोलडेटा चालवून 'लेटेस्ट चेकपॉइंट लोकेशन' तंतोतंत जुळतंय ना पाहा, आणि त्या स्टँडबायला पुढचे दोन दिवस कुणी हात लावू नये. बिघडलं तर तोच जुन्या आवृत्तीवर उभा करता येतो. अर्थात मधल्या वेळात नव्या बाजूला झालेल्या नोंदी त्यात नसतील, म्हणून मागे फिरायचा निर्णय पहिल्या तासाभरात घ्यायचा असं आधीच ठरवून लिहून ठेवा.

लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये बंद ठेवण्याचा वेळ एखाद्या मिनिटावर येतो, पण तयारी आठवड्यांची. टेबलांची रचना बदलली तर तो बदल पलीकडे जात नाही. प्रायमरी की नसलेलं टेबल पब्लिकेशनमध्ये घातलं की त्यावरचे अपडेट-डिलीट चालत्या सर्व्हरवरच एरर देतात, आधी रेप्लिका आयडेंटिटी ठरवावी लागते. सिक्वेन्सचे आकडे जात नाहीत, अदलाबदलीच्या वेळी सेटव्हॅलने पुढे ढकलले नाहीत तर पहिल्याच इन्सर्टला 'ड्युप्लिकेट की' येतं. लार्ज ऑब्जेक्ट जात नाहीत. आणि पलीकडचा सबस्क्रायबर बंद पडला तर स्लॉट जुना वॉल (बदलांची नोंदवही) धरून बसतो, प्रायमरीची डिस्क भरते. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज १३ पासून आहे, पण त्याची मूळ किंमत उणे एक, म्हणजे अमर्याद. ती आकडा घालून बांधा.

सावकाश_पण_नक्की

क्लोनचं माहीत नव्हतं. एक्सएफएसवरच आहे, रिफ्लिंक चालू आहे का ते एक्सएफएस_इन्फोमध्ये पाहतो. आभार.

पहाटेची_पाळी

जुनी पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ जशीच्या तशी नव्या डिरेक्टरीत टाकू नका. काढून टाकलेली एखादी सेटिंग त्यात राहिली तर सर्व्हर सुरूच होत नाही. स्टॅट्स_टेम्प_डिरेक्टरी १५ मध्ये गेली, प्रोमोट_ट्रिगर_फाइल आणि व्हॅक्यूम_डिफर_क्लीनअप_एज १६ मध्ये, ओल्ड_स्नॅपशॉट_थ्रेशोल्ड १७ मध्ये. जुन्या बाजूला पीजी_सेटिंग्जमधून मूळ किमतीपेक्षा वेगळ्या असलेल्या सेटिंग्ज तेवढ्या काढा आणि एकेक विचार करून नव्या फाइलीत लिहा. त्यातल्या निम्म्यांचं कारण कुणालाच आठवत नाही असं आढळतं. त्या न लिहिता तालमीत फरक पडतो का पाहा.

१८ वर जाणाऱ्यांसाठी आणखी एक. इनिटडीबी (नवा क्लस्टर तयार करणारं साधन) आता चेकसम (डेटाचं पान बिघडलं का ते पकडणारा ताळा) आपोआप चालू करतं. जुन्या बाजूला ते बंद असतील तर पीजी_अपग्रेड जुळत नाही म्हणून थांबतं. सोपा उपाय --नो-डेटा-चेकसम्स देऊन इनिटडीबी करणं, पण बरा उपाय वेगळा आहे: आधीच्या एखाद्या देखभालीच्या वेळेत जुना सर्व्हर बंद करून पीजी_चेकसम्स --एनेबल चालवा. सगळी पानं वाचून पुन्हा लिहिली जातात, त्यामुळे वेळ लागतो, तालमीत मोजून घ्या. डिस्क गुपचूप खराब होत असेल तर चेकसमशिवाय ते कळायला मार्ग नाही.

आता बॅकअप. इथे सगळ्यात जास्त घात होतो, कारण तो त्या रात्री दिसत नाही.

बदलानंतर जुना बेस बॅकअप (क्लस्टरच्या सगळ्या फाइलींची प्रत) आणि जुना वॉल नव्या क्लस्टरला लागू होत नाहीत. मध्यरात्री बदल झाला आणि रोजचा बॅकअप पहाटे चारला असेल तर ते चार तास उघड्यावर. बदल संपला की लगेच नवा बेस बॅकअप सुरू करा. पीजीबॅकरेस्ट हे बॅकअपचं साधन वापरत असाल तर स्टँझा-अपग्रेड चालवल्याशिवाय तो वॉल स्वीकारणार नाही.

स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये पीजी_स्टार्ट_बॅकअप असेल तर १५ पासून त्या नावाचं फंक्शनच नाही. पीजी_बॅकअप_स्टार्ट आणि पीजी_बॅकअप_स्टॉप अशी नावं झाली, एक्सक्लुझिव्ह पद्धत पूर्ण काढली. दोन्ही हाका एकाच जोडणीतून माराव्या लागतात. एका पीएसक्यूएलमधून स्टार्ट आणि दुसऱ्यातून स्टॉप असं लिहिलेली स्क्रिप्ट नुसती नावं बदलून चालणार नाही.

आणि पीजी_डंप आपल्यापेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप घ्यायला साफ नकार देतं. बॅकअप घेणारं यंत्र वेगळं असेल तर तिथलं पीजी_डंप बदलायचं राहून जातं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये झालं ते आठवा. चुकून प्रायमरीची डेटा डिरेक्टरी पुसली गेली, आणि मग लक्षात आलं की रोजचे डंप अयशस्वी होत होते. सर्व्हर ९.६ आणि डंप घेणारं साधन ९.२. अपयशाच्या ईमेलही नाकारल्या जात होत्या म्हणून कुणाला कळलं नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वीचा एक एलव्हीएम स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं, तरी सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हा सगळा तपशील कुणा एकावर बोट न ठेवता जाहीर केला, तो प्रत्येक डीबीएने वाचावा.

म्हणून बॅकअपची तपासणी 'फाइल तयार झाली' इथे संपत नाही. वेगळ्या यंत्रावर रिस्टोर करा, रिकव्हरी_टार्गेट_टाइम देऊन काल दुपारच्या ठरावीक मिनिटाला आणा, मोठ्या टेबलातल्या ओळी मोजा, आणि किती मिनिटं लागली ती तारखेसह नोंदवा. महिन्यातून एकदा. बारा नोंदी झाल्या की 'किती वेळात पूर्ववत होईल' या प्रश्नाला अंदाज न बांधता उत्तर देता येतं.

निर्देशांक

+१. मॉनिटरिंगचंही जोडतो. १७ मध्ये पीजी_स्टॅट_बीजीरायटरमधले चेकपॉइंटचे कॉलम पीजी_स्टॅट_चेकपॉइंटर या नव्या व्ह्यूत गेले, आणि पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समधला ब्लॉक_रीड_टाइम आता शेअर्ड_ब्लॉक_रीड_टाइम आहे. जुना एक्स्पोर्टर (आलेखांना आकडे पुरवणारं साधन) तसाच ठेवलात तर आलेख रिकामे दिसतात आणि रिकाम्या आलेखावर इशारा वाजत नाही.

वाईची_हळद

बदलानंतरच्या सकाळी 'सगळं मंद झालंय' असा फोन येतो त्याचं पहिलं कारण स्टॅटिस्टिक्स (टेबलात काय आणि किती आहे याचे आकडे). १७ पर्यंत पीजी_अपग्रेड ती आणतच नाही. प्लॅनरला टेबलांबद्दल काहीच ठाऊक नसतं. म्हणून व्हॅक्यूमडीबी --ऑल --अ‍ॅनलाइझ-इन-स्टेजेस. तीन फेऱ्या होतात, पहिली टार्गेट १ ने, दुसरी १० ने, तिसरी नेहमीच्या १०० ने. पहिल्या फेरीनंतर कामापुरते प्लॅन मिळतात, पण लोकांना तिसरी संपल्याशिवाय आत घेऊ नये असं माझं मत. त्यासाठी लागणारा वेळही दोन तासांत धरा.

१८ मध्ये स्टॅटिस्टिक्स सोबत येते, जुना सर्व्हर १३ असला तरी. पण क्रिएट स्टॅटिस्टिक्सने केलेली विस्तारित स्टॅटिस्टिक्स येत नाही. व्याख्या येते, आतला डेटा नाही. हे किती महाग पडतं ते एका उदाहरणातून दाखवते.

राज्यातल्या लाभार्थ्यांचं टेबल घ्या, ३५,८०,००० ओळी. जिल्हे ३६, तालुके ३५८, आणि सोयीसाठी समान वाटणी धरू. म्हणजे एका तालुक्यात १०,००० ओळी. क्वेरी आहे: जिल्हा सातारा आणि तालुका पाटण. प्लॅनर दोन्ही अटी स्वतंत्र धरतो. एकूण ओळींना आधी ३६ ने भागतो, मग ३५८ ने, आणि अंदाज येतो २७८. पाटण साताऱ्यातच आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. प्रत्यक्षात येतात १०,०००. छत्तीसपट चूक. २७८ ओळींच्या भरवशावर तो पुढच्या टेबलाशी नेस्टेड लूपने (एकेक ओळ घेऊन शोधत) जोड करतो, आतला इंडेक्स १०,००० वेळा खालीवर होतो, आणि हॅश जॉइनने पटकन संपलं असतं ते काम रेंगाळतं.

उपाय: क्रिएट स्टॅटिस्टिक्स, प्रकार डिपेन्डन्सीज, कॉलम जिल्हा आणि तालुका, मग अ‍ॅनलाइझ. अंदाज १०,००० च्या आसपास येतो. आता १८ वर जाताना अ‍ॅनलाइझ केलं नाही तर अंदाज पुन्हा २७८. बाकी सगळ्या क्वेरी ठीक, नेमकी हीच मंद, आणि 'स्टॅटिस्टिक्स तर सोबत येते ना' म्हणून तिकडे कुणी बघत नाही. १८ साठी दोन आज्ञा क्रमाने: आधी व्हॅक्यूमडीबी --ऑल --अ‍ॅनलाइझ-इन-स्टेजेस --मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली, मग व्हॅक्यूमडीबी --ऑल --अ‍ॅनलाइझ-ओन्ली. दुसरी यासाठी की किती ओळी बदलल्या याचे मोजमाप-आकडे सोबत येत नाहीत आणि ऑटोव्हॅक्यूमला (टेबलांची आपोआप साफसफाई करणाऱ्या प्रक्रियेला) ते लागतात.

एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ (प्लॅन आणि प्रत्यक्ष आकडे दाखवणारी आज्ञा) वाचताना आधी वेळ बघू नका. सगळ्यात आतल्या पायरीपासून वर येत प्रत्येक ठिकाणी अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांतल्या मोठ्या आकड्याला लहानाने भागा. जिथे तो पहिल्यांदा दहाच्या वर जातो तिथे दुखणं असतं, वेळ मात्र त्याच्या वरच्या पायरीत दिसतो. एकूण ओळी काढताना लूप्सच्या आकड्याने गुणायला विसरू नका, प्रत्यक्ष ओळी दर फेरीच्या सरासरीने छापलेल्या असतात. तालमीत महत्त्वाच्या पन्नास क्वेरींचे प्लॅन जुन्या आणि नव्या दोन्ही बाजूंना काढून शेजारी ठेवा. १८ मध्ये बफर्सचे आकडे न मागता येतात, जुन्या बाजूला ते मागून घ्या म्हणजे तुलना जमेल.

तळटीप

निर्देशांक यांनी ग्लिबसीचा उल्लेख करून सोडून दिला, ते मी पूर्ण करते. मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी तर हे वाचाच.

लोक आवृत्तीबदलासोबत ऑपरेटिंग सिस्टीमही बदलतात. रेड हॅट ७ मध्ये ग्लिबसी २.१७ होतं, ८ मध्ये २.२८. या २.२८ ने मजकुराचा क्रम लावायचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. बी-ट्री इंडेक्स हा क्रमावर उभा असतो. जुन्या नियमांनी रचलेल्या इंडेक्समध्ये नव्या नियमांनी शोधलं की डावीकडे असलेली नोंद उजवीकडे शोधली जाते आणि 'सापडली नाही' असं उत्तर येतं. एरर नाही, लॉग नाही. युनिक इंडेक्सला आधीची नोंद दिसत नाही म्हणून तो दुसरी तशीच आत घेतो. पीजी_अपग्रेड इंडेक्सच्या फाइली जशाच्या तशा उचलतं, त्यामुळे ते वाचवत नाही. डंप-रिस्टोर आणि लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये इंडेक्स नव्याने बांधले जातात, तिथे हा धोका नाही. जुन्या सिस्टीमवरची प्रायमरी आणि नव्या सिस्टीमवरची स्ट्रीमिंग स्टँडबाय अशी जोडी तात्पुरतीसुद्धा लावू नका, स्टँडबायवरच्या क्वेरी चुकीची उत्तरं देतील.

तपासणी: अ‍ॅमचेक एक्सटेन्शन, किंवा १४ पासून आलेलं पीजी_अ‍ॅमचेक, --हीपऑलइंडेक्स्ड लावून. उपाय: टेक्स्ट, व्हारकॅर असलेले सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा. डुप्लिकेट आधीच शिरले असतील तर रीइंडेक्स तिथे अडेल, म्हणून लोकांना आत घेण्याआधीच हे उरका. मग १५ पासून असलेलं ऑल्टर डेटाबेस रिफ्रेश कोलेशन व्हर्जन. ते फक्त नोंदलेला आकडा बदलतं, दुरुस्ती करत नाही. इशारा घालवायला म्हणून रीइंडेक्सच्या आधी चालवलंत तर पुढच्यांना काही कळायची सोयच उरत नाही.

आता मराठी. 'कल, कळ, कव, कह' हे चार शब्द टाकून क्रम लावून बघा. सी कोलेशनमध्ये याच क्रमाने येतात, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलेला आहे. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर. पोस्टग्रेस आयसीयूसह (युनिकोडनुसार भाषांचे क्रम लावणारी लायब्ररी) बांधलेलं असेल तर 'एमआर-एक्स-आयसीयू' हे कोलेशन तयारच मिळतं, त्याने क्रम 'कल, कव, कह, कळ' असा लागतो. मतदारयादी, गावांची यादी, शब्दकोश, काहीही छापायचं असेल तर हे लावा. पण डीफॉल्ट कोलेशनवर बांधलेला इंडेक्स या क्रमासाठी वापरला जात नाही, त्याच कोलेशनने दुसरा बांधावा लागतो.

याहून चिवट दुखणं म्हणजे दिसायला सारखे पण साठवायला वेगळे शब्द. 'कऱ्हाड' घ्या. काही कीबोर्ड ऱ हे एकच अक्षर पाठवतात: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. सहा खुणा, १८ बाइट. काही र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक पाठवतात, म्हणजे सात खुणा, २१ बाइट. तिसरा प्रकार र खाली नुक्ता देऊन. पडद्यावर तिन्ही एकच. 'कऱ्हाड' शोधलं की ज्यांची नोंद दुसऱ्या रीतीने झाली ते यादीतून गायब. लेंग्थ आणि ऑक्टेट_लेंग्थ बाजूबाजूला काढून गावाच्या नावावर ग्रुप करा, लगेच दिसेल.

नॉर्मलाइझ फंक्शन १३ पासून आहे. ते नुक्तावाला प्रकार एकअक्षरी ऱ मध्ये आणतं. जोडकवाला प्रकार मात्र ते शिवत नाही. म्हणून आधी रिप्लेसने 'र, हलन्त, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला, मग नॉर्मलाइझ. हे एका इम्युटेबल (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणाऱ्या) फंक्शनमध्ये बांधा, जनरेटेड (आपोआप भरल्या जाणाऱ्या) कॉलममध्ये साठवा, युनिक इंडेक्स आणि शोध त्या कॉलमवर. मूळ कॉलम जसा आला तसा राहू द्या.

भीमाकाठ

तळटीप ताई, फंक्शन बांधायचा सल्ला बरोबर, त्यात एक भर. १७ पासून रीइंडेक्स, अ‍ॅनलाइझ, मटेरियलाइज्ड व्ह्यूचं रिफ्रेश ही कामं सुरक्षित, म्हणजे जवळजवळ रिकाम्या सर्च_पाथने (नावं कुठल्या स्कीमांत शोधायची त्या यादीने) चालतात. तुमचं फंक्शन आतून दुसऱ्या फंक्शनला स्कीमाचं नाव न लावता बोलवत असेल तर 'फंक्शन अस्तित्वात नाही' असा एरर येतो. बदल झाला त्या रात्री बहुतेक वेळा सगळं निमूट पार पडतं आणि आठवड्याने रीइंडेक्स करताना हे उपटतं. फंक्शनच्या व्याख्येतच सेट सर्च_पाथ लिहून टाका, किंवा आत सगळीकडे पब्लिक हे स्कीमाचं नाव लावा.

ओरॅकलवरून पोस्टग्रेसकडे येणाऱ्यांसाठी: तिथे व्हारकॅर२(२०) म्हणजे मुळात २० बाइट. 'क्षितिज' हे सात खुणांचं, २१ बाइटचं नाव त्यात मावत नाही, ओआरए-१२८९९ हा एरर येतो. पोस्टग्रेसमध्ये व्हारकॅर(२०) म्हणजे २० खुणा. स्थलांतर करताना ओरॅकलकडचे ६० पोस्टग्रेसमध्ये ६० च ठेवू नयेत असं नाही, पण अर्ज भरायच्या पानावर बाइट मोजून घातलेली मर्यादा तशीच राहते, ती शोधून काढा.

कोरी_पाटी

एसक्यूएल येतं, अ‍ॅडमिनचं काम नवीन आहे. सर्टिफिकेट आधी की सराव? लॅपटॉप ८ जीबीचा आहे.

वाईची_हळद

सराव. ८ जीबी पुरेसा आहे. कंटेनरमध्ये १३ आणि १८ शेजारी उभे करा. पीजीबेंच (चाचणीचा डेटा आणि भार तयार करणारं साधन) -आय -एस १०० केलं की मुख्य टेबलात एक कोटी ओळी आणि एकूण साधारण दीड जीबी डेटा तयार. त्यावर या क्रमाने: बेस बॅकअप घ्या आणि पीजी_व्हेरिफायबॅकअपने तपासा, वॉल आर्काइव्ह चालू करा, पीजीबेंच चालू असताना एक टेबल ड्रॉप करा, आणि ड्रॉपच्या आदल्या सेकंदाला परत आणा. पहिल्यांदा हमखास चुकेल. बहुधा रिस्टोर_कमांडमधला मार्ग चुकीचा असतो किंवा रिकव्हरी.सिग्नल फाइल ठेवायची राहते. ही फाइल नसेल तर सर्व्हर तुम्ही दिलेली वेळ लक्षातच घेत नाही. हे जमलं की मग पीजी_अपग्रेड. त्यासाठी दोन्ही आवृत्त्यांच्या बायनरी एकाच यंत्रावर हव्यात, दोन वेगळे कंटेनर चालत नाहीत, एकातच दोन्ही बसवा.

प्रत्येक वेळी एक पानाची कार्यपद्धती लिहा: आज्ञा, अपेक्षित उत्तर, प्रत्यक्ष लागलेला वेळ, चुकलं तर काय. मुलाखतीत ते पान दाखवा. सर्टिफिकेट वाईट नाही, अभ्यासाला चौकट मिळते, पण ड्रॉप केलेलं टेबल परत आणून दाखवणाऱ्याचं पारडं जड असतं.

पहाटेची_पाळी

क्वेरी लिहून द्यायला आता एआय आहे म्हणून प्लॅन वाचायचं टाळू नका. त्याने सुचवलेला इंडेक्स चालतो का हे तुम्हालाच तपासायचं असतं, आणि प्रत्येक जादा इंडेक्सचा भार प्रत्येक इन्सर्टवर पडतो. पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेसमध्ये आयडीएक्स_स्कॅन शून्य असलेले इंडेक्स बघा, पण रेप्लिकावरही बघा. तिथल्या वापराची नोंद प्रायमरीवर दिसत नाही.

सावकाश_पण_नक्की

शेवटी १७ की १८?

निर्देशांक

१८ हे २५ सप्टेंबर २०२५ चं आहे. तुमचे सगळे एक्सटेन्शन त्यावर उपलब्ध असतील तर १८, एक जरी अडला तर १७. १७ लाही नोव्हेंबर २०२९ पर्यंत मुदत आहे, त्यात कमीपणा काही नाही.

१८ मध्ये वाचनासाठी असिंक्रोनस आय/ओ (डिस्कच्या उत्तरासाठी न खोळंबता वाचणं) आलं, मूळ सेटिंग वर्कर, आणि आयओ_वर्कर्स ३. सीक्वेन्शियल स्कॅन, बिटमॅप हीप स्कॅन आणि व्हॅक्यूमला फायदा होतो, लिहिण्याला नाही. आयओ_यूरिंग हवं असेल तर लिनक्स आणि त्यासह बांधलेलं पॅकेज लागतं, आणि पुष्कळ कंटेनर ते अडवतात. आधी वर्करवरच मोजा. दुसरं, स्किप स्कॅन: इंडेक्स (जिल्हा, तारीख) असा असेल आणि अट फक्त तारखेवर असेल तरी ३६ जिल्ह्यांवर उड्या मारत तो वापरता येतो. पहिल्या कॉलमात लाखो वेगळ्या किमती असतील तर उपयोग नाही. यूयूआयडीव्ही७ (वेळेवर बेतलेली अनन्य ओळख) वापरल्याने नव्या की इंडेक्सच्या एका टोकाला जमतात, व्ही४ सारख्या सगळीकडे विखुरत नाहीत. पण त्यात नोंद केव्हा झाली ती वेळ मिलिसेकंदापर्यंत वाचता येते, ती गुप्त ठेवायची असेल तिथे वापरू नका.

एमडी५ (पासवर्ड साठवायची जुनी पद्धत) पासवर्डवर आता इशारा येतो. बदलाच्या आधीच पीजी_ऑथआयडीमध्ये एमडी५ ने सुरू होणारे पासवर्ड शोधा, पासवर्ड_एन्क्रिप्शन स्क्रॅम-शा-२५६ करा आणि प्रत्येकाला पासवर्ड पुन्हा ठेवायला लावा. जुना ड्रायव्हर स्क्रॅम बोलत नसेल तर ते तालमीत कळायला हवं.

कोरी_पाटी

तळटीप ताई, तुमच्या पद्धतीने 'ॲप' आणि 'अ‍ॅप' एक झाले नाहीत. नॉर्मलाइझ करूनही लेंग्थ वेगळी येते.

तळटीप

होणारही नाहीत. ॲ हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, आणि अ वर अर्धचंद्राची मात्रा दिली तर त्या दोन खुणा त्याच्याशी समतुल्य मानलेल्या नाहीत. शिवाय त्या दोहोंच्या मध्ये न दिसणारा जोडक असलेला तिसरा प्रकारही सर्रास येतो. म्हणून त्याच फंक्शनमध्ये आणखी दोन रिप्लेस: 'अ, जोडक, मात्रा' आणि 'अ, मात्रा' या दोन्हींच्या जागी ॲ. क्रम हाच ठेवा. अक्षरं थेट न टाइप करता चीआर फंक्शनला आकडे देऊन लिहा: अ २३०९, मात्रा २३७३, ॲ २४१८, जोडक ८२०५. एडिटरमध्ये जोडक दिसत नाही, पुढच्या माणसाने ती ओळ कॉपी केली की तो हरवतो.